व्हॅक्युम क्लीनरवर ड्रिल चालेल का?

दोस्तांनो, गणपतीला दीड महिना होता तेव्हाची गोष्ट. नेरूळला बहिणीकडे गेलो होतो. चपला काढतोय तोच सातवीतल्या भाचीनं दारातच गाठलं.

"मामा, आपला व्हॅक्युम क्लीनर ड्रिल फिरवू शकेल का?"

आता घरात शिरल्या शिरल्या चहाऐवजी असा प्रश्न आला, तर माणूस गडबडणारच! पण तिचा प्रश्न काही उगाच आलेला नव्हता. महाराष्ट्रात २०१८ साली थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली. तेव्हापासून या घरात मखर प्लायवूडचं होतं. त्या वर्षी भाचीनं जाळीदार मखराचा घाट घातला होता. फ्रेटसॉनं नक्षी कापायची, मग जाळीच्या प्रत्येक भोकाची कड पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायची. भोकं किती? एकशेवीस!

पहिली दहा भोकं घासून झाली आणि घरात दोन गोष्टी झाल्या. भाचीची बोटं सोलवटली, आणि आजोबांना खोकल्याची उबळ आली. आजोबांना दमा आहे. लाकडाचा भुसा इतका बारीक, की गॅलरीत घासला तरी दिवाणखान्यातल्या टीव्हीवर बसला. आईनं फर्मान काढलं, "बास! हे घासणं-बिसणं घरात चालणार नाही."

म्हणजे एकीकडे मखर आणि दुसरीकडे आजोबा. आता काय करायचं?

तेवढ्यात भाचीला कळलं, की परदेशात एक गमतीदार हत्यार मिळतं. पेनासारखं हातात धरायचं छोटं फिरतं हत्यार. टोकाला बारीक ड्रिल, घासायची छोटी चाकं, पॉलिशचा ब्रश, काय हवं ते लावा. पण त्याला मोटर नसते! मागच्या बाजूला व्हॅक्युम क्लीनरची नळी जोडायची. क्लीनर हवा ओढतो, ती हवा हत्यारातल्या छोट्या चक्रावरून धावते, चक्र फिरतं आणि हत्यार चालू! वर पुन्हा पडलेला भुसाही तीच हवा गिळून टाकते.

आहे की नाही झकास? मखरही होईल आणि आजोबाही खोकणार नाहीत. पण आम्ही ठरवलं, की आधी हिशेब मांडायचा, मगच खिशात हात घालायचा. चला, तुम्हीही वही-पेन्सिल घेऊन बसा.

हवा ओढली जात नाही, ढकलली जाते!

पहिली गंमत इथेच आहे. आपण म्हणतो, क्लीनर धूळ "ओढतो". खरं तर ओढणारं कुणीच नसतं. क्लीनरमधला पंखा आतली हवा मागून बाहेर फेकतो, त्यामुळे आतला दाब कमी होतो. बाहेरची हवा मात्र आपल्या पूर्ण दाबानं उभीच असते. ती नळीच्या तोंडातून आत घुसते आणि जाता जाता धुळीला ढकलत नेते.

ही बाहेरची हवा किती जोरात ढकलते, हे जर्मनीतल्या ओटो फॉन गेरिके यांनी १६५७ साली माग्डेबुर्ग शहरात दाखवलं. त्यांनी तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना चिकटवले आणि आतली हवा पंपानं काढून टाकली. मग दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. तरी ते अर्धगोल सहजासहजी सुटेनात! त्यांना धरून ठेवणारा ना गोंद होता ना खिळा. होता तो फक्त बाहेरच्या हवेचा दाब.

भाची लगेच म्हणाली, "मग काय! सोळा घोड्यांना पुरून उरणारी हवा माझं ड्रिल नाही फिरवणार?"

थांबा, इतकी घाई नको.

"बत्तीस मारा!"

सायन-पनवेल महामार्गाच्या कडेला पंक्चरवाल्याकडे तुम्ही बाबांबरोबर गेला असाल. बाबा म्हणतात, "बत्तीस मारा." म्हणजे काय? तर गाडीच्या चाकात दर चौरस इंचाला ३२ पौंड दाब होईल इतकी हवा भरा. ट्रकच्या चाकात हाच आकडा शंभराच्या आसपास जातो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर हवा दाबून दाबून टाकीत भरतो, म्हणून त्याला हे जमतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांमध्येही अशाच दाबलेल्या हवेवर ड्रिल आणि नट आवळायची हत्यारं चालवतात.

आता उलट बाजू पाहू. आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचा दाब समुद्रसपाटीला, म्हणजे नवी मुंबईत, दर चौरस इंचाला साधारण १४.७ पौंड भरतो. म्हणजे तुम्ही डब्यातली सगळीच्या सगळी हवा काढून टाकलीत, तरी बाहेरची हवा जास्तीत जास्त १४.७ पौंडांनीच ढकलणार. त्याच्यावर जाताच येत नाही! हवा भरायला वरची हद्द नाही (टाकी फुटेपर्यंत!), पण हवा काढायला खालची हद्द आहे. ती म्हणजे शून्य.

शेतकऱ्यांना ही गोष्ट पुस्तक न वाचताही माहीत असते. विहिरीच्या काठावर ठेवलेला पंप फार खोलवरचं पाणी वर ओढू शकत नाही. अगदी पूर्ण निर्वात झालं तरी हवेचा दाब पाण्याला सुमारे १० मीटरच वर चढवतो, आणि प्रत्यक्षात सात-आठ मीटरांवरच गाडी अडते. मग पंप खाली विहिरीतच उतरवावा लागतो.

आणि घरातला व्हॅक्युम क्लीनर? तो तर पूर्ण निर्वाताच्या जवळपासही जात नाही. नळीचं तोंड गच्च बंद केलं, तरी चांगला क्लीनर दर चौरस इंचाला साधारण ३ पौंडांचा फरक निर्माण करतो. ३२ कुठे, १०० कुठे आणि ३ कुठे!

भाचीचा चेहरा पडला. पण मी म्हटलं, हिशेब अजून संपला नाही.

चला, आकडे मांडू

ताकद फक्त दाबात नसते. किती दाबानं आणि किती हवा वाहते, या दोन्हींचा गुणाकार करावा लागतो. नळी गच्च बंद केली तर दाबातला फरक सगळ्यात जास्त, पण हवा वाहतच नाही, म्हणून काम शून्य. नळी सताड उघडी ठेवली तर हवा भरपूर, पण दाबातला फरक फारसा उरत नाही, म्हणून कामही थोडं. खरी मजा मधेच कुठेतरी असते.

समजा, मधल्या जागी दाबाचा फरक १०,००० पास्कल आहे (म्हणजे वातावरणाच्या दाबाचा दहावा भाग) आणि दर सेकंदाला २० लिटर, म्हणजे ०.०२ घनमीटर हवा वाहते आहे. गुणाकार करा :

१०,००० × ०.०२ = २०० वॅट.

वा! दोनशे वॅट काही कमी नाहीत. पण हवेतली सगळी शक्ती चक्राला थोडीच मिळते? छोट्या, साध्या चक्राला त्यातली पाव हिस्सा मिळाली असं धरू. म्हणजे ५० वॅट. आता बाजारातलं विजेवर चालणारं छोटं फिरतं हत्यार घ्या. ते सुमारे १५० वॅट वीज घेतं. त्यातली निम्मी शक्ती टोकाला पोचली असं धरलं, तर ७५ वॅट. म्हणजे आपलं हवेवरचं हत्यार फार काही मागे नाही!

आता वेग बघू. एवढ्या दाबाच्या फरकानं हवेचा झोत सेकंदाला सुमारे १३० मीटर वेगानं सुटतो. म्हणजे ताशी साडेचारशे किलोमीटरहून जास्त! झोताच्या मार्गात पाती ठेवलेलं चक्र त्याच्या निम्म्या वेगानं फिरलं, की त्याला जास्तीत जास्त शक्ती मिळते. म्हणजे कडेचा वेग सेकंदाला ६५ मीटर. चक्राचा व्यास ४ सेंटिमीटर असेल, तर त्याचा परीघ साडेबारा सेंटिमीटर. भागाकार करून बघा. सेकंदाला पाचशेहून जास्त फेरे, म्हणजे मिनिटाला ३०,००० च्या वर! विजेवरची छोटी हत्यारंही साधारण याच वेगानं फिरतात.

आणि चक्र जितकं लहान, तितके फेरे जास्त. दातांच्या डॉक्टरांकडचं "घुंईंईं" करणारं ड्रिल आठवतंय ना? (आठवून दात आवळलेत ना?) त्याच्या डोक्यातही हवेवर फिरणारं इवलंसं चक्र असतं, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारं. फक्त तिथे हवा ओढलेली नसते, कॉम्प्रेसरनं दाबलेली असते. अशी यंत्रं १९५७ पासून दवाखान्यांत येऊ लागली.

मग अडतं कुठे?

वेग आहे, शक्ती आहे, मग घोडं कुठे पेंड खातं? एक-एक करून बघू.

पहिली अडचण जोराची. ५० वॅट आणि सेकंदाला पाचशे फेरे, म्हणजे पिळाचा जोर अगदी थोडा. हत्याराच्या टोकाला एक सेंटिमीटर त्रिज्येचं घासायचं चाक लावलं, तर त्याच्या कडेला जोर येतो जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाएवढा. एका सफरचंदाइतका म्हणा ना! पॉलिश करायला, लाकडाची कड घासायला, शंखावर नाव कोरायला तेवढा पुरे. पण लोखंडी पट्टी कापायला गेलात, तर चक्र गपकन थांबणार. गंमत म्हणजे हा दोष कधी कधी गुणही ठरतो. विजेची मोटर अडकली तर तापून जळू शकते. हवेवरचं चक्र नुसतं थांबतं, आणि सोडलं की पुन्हा फिरायला लागतं.

दुसरी अडचण विजेची. टोकाला ५० वॅट मिळवायला क्लीनरची १२०० वॅटची मोटर चालवावी लागते. तासाभरात सव्वा युनिटच्या आसपास वीज जाते. विजेवरचं छोटं हत्यार तासाला ०.१५ युनिट खातं. म्हणजे आठपट फरक!

तिसरी अडचण नळीची. ती जाडजूड नळी हाताला लावून बारीक नक्षी कोरायची म्हणजे मनगटाला हत्तीची सोंड बांधून रांगोळी काढण्यासारखं.

चौथी अडचण सगळ्यात महत्त्वाची. भुसा गिळायचा तर हवा कामाच्या जागेवरून आत यायला हवी. सगळी हवा चक्रावरून नेली, तर भुसाही चक्रावरून जाणार आणि पाती नि बेअरिंगं भरणार. भुशासाठी वेगळी वाट ठेवली, तर तेवढी हवा चक्राला मिळणार नाही, जोर आणखी कमी. वर पिशवी भरत गेली, की हवेचा ओघ मंदावतो आणि हत्यारही मंदावतं. म्हणजे जे दोन फायदे म्हणून सांगितले, ते एकमेकांचेच पाय ओढतात!

पाचवी अडचण शेजाऱ्यांची. क्लीनरचा घूं-घूं आवाज आणि त्यावर चक्राची शिट्टी. दुपारी दोन ते चार बिल्डिंगमध्ये हे चालवून बघा, खालचे काका वर येतात की नाही!

आम्ही केलेलं चक्र

हिशेब झाला, पण भाचीचं समाधान होईना. "करून बघूया," ती म्हणाली. मलाही तेच हवं होतं. पुठ्ठ्याचं आठ पात्यांचं चक्र केलं. सायकलचा जुना आरा हा त्याचा आस. प्लॅस्टिकच्या डब्यात ते बसवलं, एका बाजूला बोटाएवढं भोक आणि दुसऱ्या बाजूला क्लीनरची नळी. (हे मोठ्या माणसानं समोर बसून केलेलं काम आहे, आणि चक्र पुठ्ठ्याचंच होतं. पत्र्याचं चक्र मुळीच करू नका. अशा वेगानं सुटलेलं पातं डोळा घेईल.)

बटण दाबलं. शिट्टी वाजली! चक्र असं भिरभिरलं, की पाती दिसेनाशी झाली. भाची टाळ्या पिटायला लागली. मग आऱ्याच्या टोकाला पॉलिश पेपर गुंडाळून ते प्लायवूडच्या कडेला टेकवलं, आणि चक्र थांबलं. उचललं की फिरे, टेकवलं की थांबे.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मामा, फिरतं, पण काम करत नाही."

दोस्तांनो, कितीतरी मोठ्या माणसांना हे वाक्य फार महागात पडून कळलं आहे.

ब्रुनेलसाहेबांची गाडी

इंग्लंडमध्ये इझम्बार्ड ब्रुनेल नावाचे थोर इंजिनिअर होऊन गेले. त्यांनी इंजिनाशिवाय चालणारी रेल्वे बांधली! रुळांच्या मधे लांबच लांब नळ, नळात दट्ट्या आणि दट्ट्याला गाडी जोडलेली. वाटेत ठेवलेले मोठे पंप नळातली हवा काढत, आणि बाहेरची हवा दट्ट्याला, पर्यायाने गाडीला ढकलत नेई. धूर नाही, ठिणग्या नाहीत! १८४७ च्या सप्टेंबरमध्ये ती प्रवाशांसाठी सुरू झाली. गाडी छान पळाली. पण नळाच्या वरच्या फटीवर चामड्याची झडप होती. ती टिकेना, तिथून हवा गळू लागली, खर्च वाढत गेला. एका वर्षात, १८४८ च्या सप्टेंबरमध्ये, सगळं बंद करावं लागलं.

पण याचा अर्थ निर्वाताचा उपयोगच नाही, असा मात्र नाही हं! आपल्याकडच्या रेल्वेगाड्यांचे ब्रेक कित्येक वर्षं निर्वातावरच चालत. तिथे मोठ्या सिलिंडरमध्ये मोठा दट्ट्या असे, त्यामुळे थोड्या दाबातूनही भरपूर जोर मिळे. नळी तुटली तर बाहेरची हवा आत शिरून ब्रेक आपोआप लागे. म्हणजे तिथे निर्वाताचा स्वभाव कामाला अगदी फिट्ट बसत होता.

१९०१ साली इंग्लंडमधल्याच ह्यूबर्ट बूथ यांनी व्हॅक्युम क्लीनर बनवला. तो इतका अवजड होता, की घोडागाडीवर ठेवून घराबाहेर उभा करत आणि लांब नळ्या खिडकीतून आत नेत! भारतात १९८२ साली युरेका फोर्ब्ज कंपनी निघाली आणि टाय लावलेले विक्रेते दारोदार क्लीनर दाखवू लागले. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, गादीतली धूळ काढून दाखवल्याचं त्यांना नक्की आठवेल. धूळ उचलणं, हेच या यंत्राचं खरं काम.

मग मखराचं काय झालं?

हे शेवटचं वाक्य भाचीनंच पकडलं. "क्लीनरचं काम धूळ उचलणं. मग त्याला तेच करू द्या की!"

तिनं एक मोठं खोकं घेतलं. पुढची बाजू कापून वर पारदर्शक प्लॅस्टिक लावलं, खाली दोन्ही हात जातील एवढी जागा ठेवली. मागच्या बाजूला भोक पाडून क्लीनरची नळी बसवली. हवा पुढून आत शिरते, भुसा मागे नेते. घासण्यासाठी तिच्या बाबांनी विजेवरचं छोटं हत्यार आणलं. ते चालवताना बाबा नाहीतर मी शेजारी बसायचो. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क, केस बांधलेले, ओढणी नाही. क्लीनर ठेवला गॅलरीत, कारण साध्या पिशवीतून अगदी बारीक भुसा मागच्या हवेबरोबर बाहेर निघतो. तो घरात यायला नको.

पहिल्या दिवशी आजोबांना आतल्या खोलीत दार लावून बसवलं. एका संध्याकाळी वीस भोकं झाली. मग आईनं परीक्षा घेतली. ओला पांढरा फडका घेऊन तिनं टेबल पुसलं, टीव्ही पुसला, खिडकीची कड पुसली. फडका उजेडात धरून पाहिला, उलटा करून पुन्हा पाहिला.

"उद्या वीस कर," ती म्हणाली.

गणपतीच्या आदल्या रात्री मखर उभं राहिलं. एकशेवीस भोकांतून दिव्याचा उजेड भिंतीवर पडला होता. आजोबा समोर खुर्ची टाकून बसले होते.

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी

लाकडाच्या भुशाला हलकं समजू नका. वर्षानुवर्षं भुशात काम करणाऱ्यांना त्यापासून कर्करोगाचा धोका असतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच नोंदवलं आहे. सुट्टीतल्या चार दिवसांच्या कामानं घाबरून जायचं कारण नाही, पण मास्क आणि ओलं फडकं यांची सवय आत्ताच लावा. घरात दमेकरी असेल, तर कामानंतर झाडू न मारता ओल्या फडक्यानंच पुसा. लोखंड घासताना ठिणग्या उडतात, तेव्हा क्लीनर कधीही लावू नका. पिशवीतला भुसा पेट घेऊ शकतो. आणि मुलांच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल (२०१६ पासून अनेक शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी त्या सुरू झाल्या आहेत), तर हत्यारं विकत घेण्याआधी तिथे चौकशी करा.

करून पाहा

१. मोठ्या माणसाच्या परवानगीनं क्लीनर चालू करा आणि नळीचं तोंड तळहातानं दोन-तीन सेकंदच बंद करा. आवाज बदलतो. मोटर मंद होते की जोरात फिरते? का, याचा विचार करा. (सूचना : पंख्याला आता ढकलायला हवाच उरलेली नाही, मग त्याच्यावरचा भार वाढला की कमी झाला?) फार वेळ मात्र बंद ठेवू नका. बऱ्याच क्लीनरच्या मोटरला थंड ठेवणारी हवा तीच असते.

२. लांब पारदर्शक नळी घ्या. पाण्याची बादली खाली ठेवून खुर्चीवर, मग टेबलावर उभं राहून पाणी ओढा. किती उंचीवर दमलात? टेबल कुणीतरी धरून ठेवायला हवं, बरं का!

३. आणि हा डोक्याला खुराक. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. हेच हवेवरचं हत्यार तिथे नेलं, तर जास्त चालेल, कमी चालेल की तसंच चालेल? उत्तर नुसतं "हो-नाही"त देऊ नका. आधी हिशेब मांडा!